सहा मिनिटांचा एमआरआय

भय्याजी मशीनच्या खोलीत गेले तशी मंदाबाईने चपला काढल्या आणि बाकड्यावर ऐसपैस मांडी घातली. भंडाऱ्याला एमआरआय म्हणजे पाऊण तास, असं तिला गावाकडे अर्ध्या पवनीने सांगितलं होतं. पाण्याच्या बाटलीसाठी तिने पिशवीत हात घातला, तोच दार उघडलं आणि नवरा बाहेर आला.

"झालं म्हनते," भय्याजी म्हणाले.

सहा मिनिटं. माणूस शेतात, धानाच्या बांधीत दोनदा चक्कर येऊन पडला, डावा हात बधिर पडतो, आणि सहा मिनिटं? नवऱ्याला बसवून ती तशीच अनवाणी आत शिरली.

मशीन चालवणारी गुंजन काचेमागे कॉम्प्युटरपाशी बसली होती.

"मॅडम, पुन्हा काढा जी."

"काहून मावशी? पूर्ण निघाला."

"माह्या भावाले डॉक्टरनं दोन मिनिटं पाह्यलं अन् म्हनलं, घरी न्या. ज्याच्यात काही राह्यलं नाही त्याच्यावर कोनी वेळ घालवत नाही. मले समजते सगळं."

गुंजनला हसू आलं, ते तिने आवरलं. "तसं नाही मावशी. पहिले एकेक बाजू वेगळी घ्या लागे, म्हनून वेळ लागे. आता नवीन पद्धत आली. पूरं डोकं एकाच वेळी येते, मंग पाह्यजे त्या बाजूनं पाहा. या इकडं, दाखवते."

हे नियमात बसत नव्हतं. पण बाई जागची हलत नव्हती आणि पुढचा पेशंट अजून आला नव्हता.

पडद्यावर भय्याजींचं डोकं आलं. गुंजनने ते गोल फिरवलं. कपाळ, कान, मान. नवऱ्याचं बाकदार नाक मंदाबाईने लगेच ओळखलं आणि तिचा जीव जरा भांड्यात पडला. चांगलं अख्खं डोकं होतं, कुठे काही कमी नव्हतं.

"आता आतून पाहा," म्हणत गुंजन चित्राचा एकेक काप पुढे सरकवू लागली. मग तिचा हात थांबला. एक काप मागे. एक पुढे. पुन्हा मागे.

तिने पडदा हळूच आपल्याकडे वळवला. फोन उचलून डॉक्टरांशी फार खालच्या आवाजात बोलली. मंदाबाईला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण पोरीच्या बोलण्यातलं मघाचं हसू गेलेलं तिला कळलं.

"मावशी," गुंजन तिच्याकडे न बघता म्हणाली, "काकाजीले आत पाठवा. इंजेक्शन देऊन पुन्हा एकदा काढू."

बाहेर ते ऐकून भय्याजी उठून दाराकडे येत होते. मंदाबाई दोन्ही हातांनी चौकट धरून दारात आडवी उभी राहिली.

"आता कायले जी?" ती म्हणाली. "झालं ना त्यायचं. सहा मिनिटं पुष्कळ झाले."