गंजाची लाज

गंजावरच्या परिषदेसाठी देशभरातले शास्त्रज्ञ तारकर्लीत जमले होते आणि आज त्यांची बस आचऱ्याच्या जेटीवर शर्मिलाचे पत्रे बघायला येणार होती. अर्ध्या पत्र्यांना तिने स्वतः शोधलेला लेप दिला होता, अर्धे कोरेच ठेवले होते. दोन पावसाळे खारा वारा खाऊन कुठला पत्रा किती गंजला, यावर तिची पीएचडी ठरायची होती.

बसच्या आधी ती धावतपळत जेटीवर पोचली आणि जागीच थिजली. सगळे पत्रे चांदीसारखे चकाकत होते.

"बरे दिसतत मा?" स्वागत समितीचे हरिश्चंद्र तात्या कौतुकाने म्हणाले. "गंजान भरलेले हुते. एवढे मोठे पावणे येतले, गावाची लाज जातली, म्हणान काल घासून रंग मारून घेतलंय."

तोवर बस आलीच. परिषदेचे अध्यक्ष पत्र्यांपुढे उभे राहिले, फोटो निघाले.

"दोन वर्षं समुद्रावर, आणि गंजाचा ठिपका नाही! लेप नसलेल्या पत्र्यांवरसुद्धा!" अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या.

"सर, हा कालचा ऑइलपेंट आहे," शर्मिला रडवेली होऊन म्हणाली.

अध्यक्षांनी पत्र्यावरून बोट फिरवलं. बोट चंदेरी झालं. त्यांनी ते रुमालाला पुसलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, फोटो वर पाठवूनसुद्धा झाले. आता हाच निष्कर्ष."