मुदत संपलेलं कार्ड

साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या विमानतळावर कारकुनाने बासष्ट वर्षांच्या नजीराचं कायम रहिवासाचं कार्ड परत सरकवलं. “आजी, याची मुदत संपलीये. लेबनॉनला गेलात तर परत इथे घेणार नाहीत. आधी नवीन काढा.” नव्या कार्डाला महिना लागणार; तिथल्या आजारी बहिणीकडे तेवढे दिवस नव्हते. रांगेतला एकजण हसला, “साठी बुद्धी नाठी!” नजीराने कार्ड उलटं केलं. मागे नव्या कायद्याचं कात्रण चिकटवलेलं होतं. “वाच, बाळा. मोठ्याने, रांगेलाही ऐकू दे.” “साठीनंतर कार्ड बदलण्याची गरज नाही...” कारकुनाचा आवाज बारीक झाला. त्याच्या साहेबांनी येऊन स्वतः तिची बॅग उचलली. आठवड्याने बहिणीने तिच्याच मांडीवर समाधानाने डोळे मिटले. कारकून पुढे साहेब झाला, नवख्यांना हा नियम पढवू लागला. नजीरा ऐंशी उलटेपर्यंत त्याच कार्डावर ताठ मानेने ये-जा करत राहिली.