काखेतला फोटो

जानेवारीतल्या गारठ्यात सकाळीच सरकारी दवाखान्यासमोरच्या माझ्या स्टुडिओत सुरगाण्याचं जोडपं आलं. बापाच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली तान्ही लेक होती. दवाखान्यात पोचायच्या आधीच गेलेली. "एकबी फोटू नाय तिचा," तो म्हणाला. लॅबमधून फोटो उद्या आला असता आणि त्यांची जीप बाहेर खोळंबली होती. कॅमेऱ्यातून लगेच बाहेर येऊन हळूहळू उमटणाऱ्या इन्स्टंट फोटोची फिल्म कंपनीनं बंद केली होती. शेवटची एक मी नातीच्या बारशासाठी राखलेली. तीच वापरली. थंडीत हा फोटो नीट उमटत नाही, म्हणून सवयीनं आईला म्हणालो, "काखेत धरा. ऊब लागली की चेहरा दिसेल." तिनं पदराखाली घट्ट धरला. दोन मिनिटं झाली, पाच झाली. जीपवाल्यानं हॉर्न दिला. "काढा आता, उमटला असेल," मी म्हणालो. तिचा हात हलेना. "घाटात हिलाबी असंच धरलं व्हतं, बाबा. काढलं तवा गार झाली व्हती."