हाडाच्या बदल्यात

बम्से गुरगुरला आणि आस्गरनं पुढे केलेला हात तिथेच थांबला. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर बैलाच्या गुडघ्याचं कच्चं हाड पडलं होतं. ते उचलून बाहेर ठेवावं, एवढंच त्याच्या मनात होतं. कुत्र्यानं हाडावर पंजा ठेवला आणि दात दाखवले.

"झालं," आस्गर म्हणाला. "शनिवारी हा परत जाणार. घरात लहान पोर आहे."

ते लहान पोर, आठ वर्षांची विल्मा, दारातच उभी होती. बेवारशी कुत्र्यांच्या आश्रयघरातून बम्सेला महिनाभराच्या बोलीवर आणलं होतं. नाही जमलं तर परत. विल्मा रडली नाही. नुसती आजीकडे बघत राहिली.

"शनिवारपर्यंत तो माझ्याकडे," इंगेबोर्ग आजी म्हणाली.

"आई, चावेल तो."

"लहानपणी तुझं खाऊन व्हायच्या आधी ताटली उचलली की तूही असाच करायचास. तुला कुठे परत केलं?"

शेजारच्या शेतावर कापलेल्या बैलाचा चौथा हिस्सा त्यांनी घेतला होता. मांस आणि जीभ माणसांना. हाडं, हृदय, कलेजी बम्सेला. आजीनं हृदयाचे बोराएवढे तुकडे केले. कलेजी मात्र थोडीच घेतली. ती जास्त झाली की कुत्र्याचं पोट बिघडतं, हे तिनं विल्माला सांगून ठेवलं.

बम्से नाशपातीच्या झाडाखाली हाड चघळत होता. आजीनं विल्माला मागे उभं केलं, लांबूनच एक तुकडा त्याच्यापुढे टाकला आणि पाठ फिरवून चालू लागली.

"आजी, हाड कधी काढून घ्यायचं?"

"घ्यायचंच नाही. आजवर जो आला तो घ्यायलाच आला असणार. आपण द्यायचं आणि निघून यायचं."

"रोज?"

"रोज. कंटाळा आलाच तर त्याला येऊ दे, आपल्याला नको."

पहिल्या दिवशी बम्सेनं तुकडा गिळला आणि पुन्हा हाडावर आडवा झाला. मग आजीची पावलं वाजली की तो कान टवकारू लागला. हळूहळू गुरगुर विरली. हाड मात्र त्यानं सोडलं नाही.

"आता तो गुरगुरत नाही, बाबा," शुक्रवारी जेवताना विल्मा म्हणाली.

"तुमच्यावर नसेल. मी आजीसारखा खिसे भरून फिरत नाही."

शनिवारी गाडीचं दार उघडून ठेवून आस्गर पायरीवर टेकला. निघण्याआधी राय धान्याच्या काळ्या पावावर शिजवलेल्या जिभेचा गार काप ठेवून खात होता. फ्योर्डच्या खाडीवरून वारा येत होता. विल्मानं आजीच्या स्वेटरची कड घट्ट धरली होती.

बम्से झाडाखालून उठला. हाड तोंडात धरून सरळ आस्गरकडे निघाला.

"हलू नकोस," आजी म्हणाली.

कुत्र्यानं हाड आस्गरच्या बुटावर ठेवलं. थोडा मागे सरकला. खाली बसला आणि त्याच्या हातातल्या पावाकडे बघू लागला.

आस्गरनं हाडाकडे पाहिलं, मग पावाकडे. जिभेचा काप काढून बम्सेपुढे टाकला आणि उरलेला कोरडा पाव स्वतः चावत बसला. हाडाला त्यानं हात लावला नाही.

बम्सेनं काप गिळला. क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला. मग उठून बटाट्यांच्या वाफ्यात शिरला आणि पुढच्या पायांनी माती उडवू लागला.

"आई," आस्गर म्हणाला, "अजून एक काप आण. हा पुरून ठेवलेलं दुसरं हाड काढतोय."