नवव्या दिवशीचं बारसं

“रुग्णाचं नाव सांगा,” दवाखान्यातलं तपासयंत्र तिसऱ्यांदा म्हणालं.

रेवतीची मुलगी नऊ दिवसांची होती. सकाळपासून ती दूध पीत नव्हती आणि तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

“अरे, बारसं व्हायचंय अजून! बाळ म्हणून लिही ना.”

“बाळ नावाचे दोनशे बारा रुग्ण आहेत. औषध भलत्यालाच जाईल.”

“डॉक्टरांना बोलाव.”

“डॉक्टर मीच.”

रेवतीचा पारा चढला. नाव ठेवायचा मान आत्याचा आणि आत्या, म्हणजे तिची नणंद वृंदाताई, चंद्रावरच्या तळावर नोकरीला.

“मग लाव चंद्रावर फोन! बारसं इथेच करते.”

रांगेतल्या बायका उठल्याच. एकीने शाल काढली, दोघींनी तिची टोकं धरली आणि त्या झोळीत बाळाला झुलवलं. रेवतीने यंत्राचा स्पीकर बाळाच्या कानाशी ओढला. क्षणभर खरखर झाली आणि चंद्रावरून आवाज आला, “कुर्रर्र… शरयू!”

नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत. आत्या तर चंद्रावर. मग बायकांनी हसत हसत यंत्राच्याच पाठीत धपाधप धपाटे घातले.

“शरयूला कावीळ आहे,” यंत्र लगेच म्हणालं. “तीन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवू. बरी होईल.”

बाराव्या दिवशी पोटभर दूध पिऊन शरयू घरी निघाली. रेवतीने दवाखान्याचा कागद उघडला. ‘डॉक्टर’ या शब्दापुढे यंत्राने आपणहून लिहिलं होतं : आत्या.