दारावरचं काटेरी फूल

आखातातल्या एगैला भागातल्या या फ्लॅटवर मी दोन वर्षं कामाला येते. मॅडम स्पेनमधल्या, कॅटलोनियाच्या. सुट्टीवरून येताना त्यांनी डोंगरातलं एक वाळकं, काटेरी फूल आणलं.

"उद्या दाराला लावेन," काल त्या म्हणाल्या. "चेटकिणीला आधी याचे सगळे काटे मोजावे लागतात. तोवर ती आत येऊ शकत नाही."

मी हसले होते.

आज सकाळी सातला आले. फूल दारावर होतं. चावी हातात धरून मी काटे मोजायला लागले.

दार उघडलं. "फरजाना! दोन वाजले. फोन का उचलत नाहीस? ये ना आत."

"एकशे चाळीस," मी म्हणाले.

मॅडमनी फुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच दार लावून आतून कडी घातली.

दाराबरोबर फूल हललं. आकडा चुकला.

मी परत एकपासून सुरुवात केली.