दोन सह्या

"सही केलेला कोरा चेक म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली तिथंच लटकवून जाणं," चिंतामणीकाका म्हणाले आणि लिहिता लिहिता शैलजाचं पेन थांबलं.

काका बँकेतून निवृत्त झालेले. संस्था चालवणाऱ्यांना पैशांचा व्यवहार कळावा म्हणून दर रविवारी शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात वर्ग घ्यायचे. आपल्या चेरीताल वस्तीतल्या बालवाडीची नवी अध्यक्ष म्हणून शैलजा हौसेनं जाऊ लागली होती. त्या दिवशी मात्र पुढचं तिला काही ऐकूच आलं नाही.

बालवाडीच्या खात्यावर दोन सह्या लागत. एक तिची, दुसरी खजिनदार बापूसाहेबांची. बापूसाहेब तोफांच्या कारखान्यात अधिकारी आणि तिचा नवरा श्रीरंग त्यांच्याच ऑफिसात कारकून. सरहद्दीवर तणाव वाढला तसे साहेब कारखान्यातून बाहेर पडेनात. नवरात्रात श्रीरंग अख्खं चेकबुक घरी घेऊन आला.

"सगळ्यांवर सही करून दे. साहेबांना फुरसत नाही, अन् मी तरी किती वेळा नेऊ-आणू?"

शैलजानं तव्यावरची पोळी उतरवली, हात पुसले आणि सटासट सह्या ठोकल्या. अध्यक्ष झाल्याचा तोराच होता अंगात! श्रीरंगनं चेकबुक डब्याच्या पिशवीत टाकलं आणि नेलं.

त्या खात्यात छताचे पैसे होते. पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजणाऱ्या आणि पावसाळ्यात भिजणाऱ्या पोरांसाठी कारखान्यातल्या प्रत्येक मराठी घरानं एकेक दिवसाचा पगार दिला होता. ते पैसे गेले तर शैलजाला चेरीतालात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

वर्गातून घरी येताच ती म्हणाली, "अहो, ते चेकबुक साहेबांकडून परत आणा ना."

"काहून? भरोसा नाही का त्यांच्यावर?"

"चिंतामणीकाका म्हणाले की..."

"अच्छा, काका म्हणाले!" श्रीरंग हसला. "माझ्या प्रमोशनचा कागद साहेबांच्या टेबलावर पडून आहे, शैला. चलो, विचारून पाहतो."

दुसऱ्या दिवशी श्रीरंगबरोबर निरोप आला, साहेब कामात आहेत. मग निरोप आला, साहेबांना राग आला. म्हणाले, एवढा अविश्वास असेल तर खजिनदारीचा राजीनामा देतो. त्यानंतर निरोपच येईना.

"मी जाऊन भेटते," ती एकदा म्हणाली.

"तू गेलीस की माझं संपलंच समज."

तिच्यानं फार ताणवलं नाही. बिचारा आधीच दमून यायचा. दिवाळीपासून त्याचा ओव्हरटाइम चालू होता. त्याच पैशांतून त्यानं सरहद्दीवरच्या बातम्यांसाठी रेडिओ आणला होता आणि तिला चंदेरी साडी. असा नवरा असताना आपणच त्याला या फासात अडकवलं, याची तिला लाज वाटायची. बोलावं तर त्याची नोकरी, गप्प राहावं तर पोरांचं छत. भाजी निवडताना, बालवाडीत पोरांची गाणी घेताना तिच्या डोक्यात दुसरं काही येईना.

एकदा दोघं गोरखपूरच्या बाजारात असताना बापूसाहेब समोर आले.

"काय वहिनी, छताचं काम कधी सुरू करून राहिल्या?"

शैलजाच्या अंगाचा तिळपापड झाला. चेकबुक दाबून बसायचं आणि वर असं विचारायचं! ती तोंड उघडणार तोच श्रीरंगनं कोपरानं ढोसलं. तिनं मान खाली घातली.

डिसेंबरात लढाई पेटली. खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटले. अशाच एका संध्याकाळी बापूसाहेब स्वतः दारात उभे राहिले. श्रीरंग गडबडीनं उठला.

"बसा ना साहेब. मी बातम्या लावतो," असं म्हणून तो आतल्या खोलीत गेला. आतून रेडिओची खरखर सुरू झाली.

"नवा घेतला वाटतं?" बापूसाहेबांनी विचारलं.

"हो. यांच्या ओव्हरटाइमचा."

बापूसाहेबांनी तिच्याकडे नवलानं पाहिलं. मग खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आज बँकेत गेलो होतो. आपलं खातं रिकामं आहे. अजून मी कोणाला बोललो नाही. काय अडचण होती, मला तरी सांगा."

शैलजाचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं उसळून वर आलं.

"तुम्ही मला विचारून राहिले? चेकबुक तुमच्याकडे, माझ्या सह्या तुमच्याकडे, अन् जाब मी द्यायचा?"

"माझ्याकडे?" बापूसाहेब गोंधळून गेले. "मी तर नवरात्रातच सगळ्या चेकवर सही करून चेकबुक तुम्हाला परत पाठवलं. श्रीरंगच म्हणाला, हिला एकेका सहीसाठी कारखान्याच्या गेटवर काहून खेटे घालायला लावता."

आतल्या खोलीत रेडिओचा आवाज एकदम मोठा झाला.